फ्लास्कवरची छोटी साइट जँगोवर कशी न्यावी

फ्लास्क आणि जँगो ही पायथन भाषेत वेबसाइट बांधायची दोन साधनं. फ्लास्कमधली साइट जँगोवर न्यायचा विचार बहुतेक वेळा एकाच कारणाने सुरू होतो: ज्याने साइट लिहिली त्याच्याशिवाय दुसऱ्या कुणाला तिच्यात माहिती भरता येत नाही. तालुक्याच्या गावातल्या एखाद्या वाचनालयाची साइट डोळ्यांसमोर आणा. पुस्तकांची यादी, सूचना, सभासदांचं लॉगिन, देवघेवीची नोंद, इतकाच पसारा. ग्रंथपालबाईंना नवी पुस्तकं चढवायची असतात, म्हणून कुणीतरी एक फॉर्म हाताने लिहितो. मग लेखकांसाठी दुसरा, सूचनांसाठी तिसरा. जँगोत हे सगळं 'ॲडमिन' या नावाने आयतं मिळतं. जँगो घडला तोच मुळी एका वृत्तपत्राच्या कचेरीत. २००३ साली अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यात 'लॉरेन्स जर्नल-वर्ल्ड' या दैनिकासाठी एड्रियन होलोव्हाटी आणि सायमन विलिसन यांनी तो लिहायला घेतला आणि २००५ मध्ये तो सर्वांसाठी खुला झाला. प्रोग्रामर नसलेल्या माणसाला रोज मजकूर चढवता यावा, ही गरज त्याच्या मुळाशी आहे.

तुमचं कारण 'सगळे जँगो वापरतात' किंवा 'फ्लास्क जुना झाला' असं असेल, तर थांबा. फ्लास्क उत्तम चाललाय. फक्त माहिती भरायचा पडदा हवा असेल तर आधी फ्लास्क-ॲडमिन हे एक्स्टेंशन लावून बघा, कदाचित तेवढ्यानेच भागेल. लॉगिन, परवानग्या, फॉर्म, मायग्रेशन (डेटाबेसच्या रचनेतले बदल) अशा चार गोष्टींसाठी चार एक्स्टेंशनं जोडून झाली असतील आणि त्यांच्या आवृत्त्या एकमेकींशी भांडत असतील, तर मात्र जँगोवर जाण्यात अर्थ आहे.

हे काम करताना मी एक नियम कडकपणे पाळतो. डेटा, पत्ते आणि पासवर्ड या तीन गोष्टी जशाच्या तशा पलीकडे गेल्या पाहिजेत, आणि त्याच फेरीत साइटमध्ये एकही सुधारणा करायची नाही. रंग बदलायचे नाहीत, मेनू हलवायचा नाही, 'एवढं उघडलंच आहे तर' म्हणत नवं पान जोडायचं नाही. साइट हलवताना काही मोडलं तर ते हलवल्यामुळे मोडलं की सुधारणेमुळे, हे शोधण्यात जेवढा वेळ जातो तेवढ्यात अख्खी साइट पुन्हा लिहून होते.

पायरी १: आहे त्याची मोजदाद

जुन्या प्रोजेक्टच्या फोल्डरमध्ये 'फ्लास्क रूट्स' ही कमांड चालवा. साइटवरचे सगळे पत्ते, त्यामागच्या फंक्शनची नावं आणि गेट-पोस्ट यादीसकट समोर येतात. ती फाइलमध्ये जपून ठेवा. मग सर्व्हरचा ॲक्सेस लॉग उघडून लोक खरंच कोणत्या पानांवर येतात ते बघा. या दोन याद्या कधीच जुळत नाहीत. कोडमध्ये असलेली निम्मी पानं कुणी उघडत नाही, आणि जे पान तुम्ही विसरलात त्याचा दुवा कुठल्यातरी व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरत असतो.

डेटाबेस एसक्यूलाइटचा असेल तर चालू साइटची फाइल नुसती कॉपी करू नका, कारण त्याच क्षणी काही लिहिलं जात असेल तर अर्धवट प्रत हाती येईल. एसक्यूलाइटच्या कमांड लाइनमधली 'डॉट बॅकअप' कमांड वापरा. त्या प्रतीवर 'प्राग्मा फॉरिन_की_चेक' चालवून बघा. पहिला धक्का बहुधा इथे बसतो. परकीय कळ (फॉरिन की) म्हणजे एका टेबलातून दुसऱ्यातल्या नोंदीकडे बोट दाखवणारा रकाना. एसक्यूलाइट या कळांची तपासणी मुळात बंद ठेवतो आणि फ्लास्कच्या साइटवर डेटाबेसशी बोलणारी एसक्यूएल-अल्केमी ही लायब्ररी ती आपणहून चालू करत नाही. त्यामुळे वर्षानुवर्षं चाललेल्या साइटवर, सभासद काढून टाकलाय पण त्याच्या नावावरची देवघेव तशीच आहे, अशा अनाथ नोंदी सापडतात. जँगो ही तपासणी चालू ठेवतो, त्यामुळे या नोंदी पुढे आडव्या येणारच. त्यांचं काय करायचं हे वाचनालयाला विचारून आत्ताच ठरवा. 'माजी सभासद' नावाचं एक खातं उघडून सगळ्या अनाथ नोंदी त्याच्या नावावर करणं हा उपाय बहुतेक संस्थांना पटतो, कारण जुना हिशोब पुसायला कुणी तयार नसतं.

आवृत्तीचा निर्णयही याच टप्प्यावर घ्या. छोट्या साइटला दीर्घकाळ आधार मिळणारी, म्हणजे एलटीएस आवृत्ती बरी. एप्रिल २०२५ मध्ये आलेल्या जँगो ५.२ ला एप्रिल २०२८ पर्यंत सुरक्षा दुरुस्त्या मिळणार आहेत. तिला पायथन ३.१० किंवा त्यापुढचा लागतो.

पायरी २: नवा प्रोजेक्ट, आणि पहिल्या मायग्रेटआधी एक काम

नवं फोल्डर, नवं व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट. जुन्या कोडला हात लावायचा नाही. 'स्टार्टप्रोजेक्ट' करा, मग 'स्टार्टॲप'. फ्लास्कमध्ये ब्लूप्रिंट (साइटचे वेगळे केलेले विभाग) असतील तर साधारण एका ब्लूप्रिंटचं एक ॲप होतं, पण पाच टेबलांच्या साइटला एकच ॲप पुरतं. वर्गीकरणाच्या हौसेपायी सहा ॲप करून ठेवलेले प्रोजेक्ट नंतर कुणाला उलगडत नाहीत.

'मायग्रेट' चालवायची घाई करू नका. आधी स्वतःचं यूजर मॉडेल लिहा. ॲबस्ट्रॅक्ट-यूजरवरून उतरवलेला वर्ग, आत नुसतं 'पास' असलं तरी चालेल. सेटिंग्जमध्ये 'ऑथ_यूजर_मॉडेल' त्याच्याकडे वळवा. जँगोचं अधिकृत मार्गदर्शनही हेच सांगतं. पहिल्या मायग्रेटनंतर यूजर मॉडेल बदलायचं म्हणजे त्याला चिकटलेल्या प्रत्येक टेबलाचे धागे हाताने सोडवणं आलं. दोन मिनिटांचं काम आत्ता केलंत तर उद्या सभासद क्रमांक किंवा मोबाइल नंबरचा रकाना जोडणं सोपं जाईल.

आता जुन्या डेटाबेसच्या प्रतीवर 'इन्स्पेक्टडीबी' चालवा. जँगो टेबलं वाचून मॉडेलचा कच्चा मसुदा लिहून देतो. हा मसुदा जसाच्या तसा वापरायचा नसतो. प्रत्येक मॉडेलमध्ये 'मॅनेज्ड = फॉल्स' असतं, म्हणजे जँगो त्या टेबलाला हात लावणार नाही. परकीय कळांवर 'डू_नथिंग' असतं. जवळजवळ प्रत्येक रकाना 'नल = ट्रू' असतो, कारण एसक्यूएल-अल्केमीत वेगळं सांगितलं नाही तर रकाना रिकामा चालतो.

इथे दोन रस्ते फुटतात. एक, जुनीच टेबलं ठेवून जँगोला त्यांच्यावर बसवणं. दोन, जँगोला स्वतःची नवी टेबलं करू देणं आणि डेटा त्यात ओतणं. लाखो नोंदी असतील तर पहिला बरा. छोट्या साइटसाठी मी दुसराच सुचवेन. मसुद्यातलं 'मॅनेज्ड = फॉल्स' काढा, रकाने नीट करा, 'मेकमायग्रेशन्स' आणि 'मायग्रेट' करून रिकामा नवा डेटाबेस तयार करा. जुना डेटाबेस अस्पर्श राहतो, आणि काही फसलं तर नवा पुसून पुन्हा सुरुवात करता येते. पुस्तक आणि विषय यांना जोडणारं मधलं टेबल फ्लास्कमध्ये बहुतेकदा आयडीशिवाय, दोन रकान्यांचीच जोडकळ घेऊन उभं असतं. जँगोच्या मेनी-टू-मेनीला आयडी लागतो. नव्या टेबलांत हा प्रश्नच उरत नाही.

पायरी ३: डेटा ओतणारी स्क्रिप्ट

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. 'मॅनेजमेंट कमांड' म्हणून एकच स्क्रिप्ट लिहा: ती नवी टेबलं रिकामी करते, जुन्या डेटाबेसमधून ओळी वाचते आणि जुन्याच आयडींसह नव्यात भरते. जुनं वाचायला जँगोची गरज नाही, पायथनचं स्वतःचं 'एसक्यूलाइट३' मॉड्यूल पुरतं. स्क्रिप्ट कितीही वेळा चालवली तरी तोच निकाल आला पाहिजे, कारण ती तुम्ही सरावासाठी अनेकदा चालवाल आणि शेवटी प्रत्यक्ष बदलाच्या रात्री एकदा. क्रम ठरलेला: आधी सभासद, लेखक, विषय, मग पुस्तकं, मग देवघेव. ज्याच्याकडे बोट दाखवायचं तो आधी हजर हवा. नवा डेटाबेस पोस्टग्रेसचा असेल तर शेवटी 'एसक्यूएलसिक्वेन्सरीसेट' ही कमांड जो एसक्यूएल छापते तो चालवायला विसरू नका, नाहीतर आयडीचा मोजणारा आकडा १ वरच राहतो आणि पहिलं नवं पुस्तक चढवताना 'हा आयडी आधीच आहे' म्हणून जँगो अडतो.

तारखांचे दोन सापळे आहेत. पहिला 'ऑटो_नाऊ_ॲड'. नोंदीच्या तारखेच्या रकान्याला हा पर्याय लावला असेल तर तुम्ही जुनी तारीख दिलीत तरी जँगो ती बाजूला सारून आत्ताची वेळ लिहितो. 'बल्क_क्रिएट' वापरूनही सुटका नाही. पंधरा वर्षांची पुस्तकं एकाच दुपारी दाखल झालेली दिसतात. त्याऐवजी रकान्याला 'डीफॉल्ट = टाइमझोन.नाऊ' द्या. तारीख दिली तर ती राहते, नाही दिली तर आत्ताची येते.

दुसरा सापळा साडेपाच तासांचा. फ्लास्कच्या साइटवर वेळ बहुतेकदा टाइमझोनशिवाय, कोरडी साठवलेली असते. कुणी 'यूटीसीनाऊ' वापरलेलं असतं, कुणी साधं 'नाऊ', आणि कधी एकाच साइटवर दोन्ही. जँगो ५.० पासून टाइमझोन मुळातच चालू असतो. सेटिंग्जमध्ये 'एशिया/कोलकाता' लिहिलंत आणि कोरडी वेळ तशीच भरलीत, तर जँगो नुसती ताकीद देतो आणि ती भारतीय वेळ समजतो. मूळ वेळ यूटीसी (भारताच्या साडेपाच तास मागची जागतिक वेळ) असेल तर सकाळी ११:१० ला परत आलेलं पुस्तक पहाटे ५:४० ला परत आल्याचं दिसतं. उपाय सोपा आहे: देवघेवीच्या दहा-बारा नोंदी काढा आणि वाचनालय बंद असतानाच्या वेळा त्यात दिसतात का बघा. दिसल्या तर वेळ यूटीसी आहे. स्क्रिप्टमध्ये प्रत्येक रकान्याला त्याचा खरा टाइमझोन चिकटवा आणि मगच भरा.

पासवर्डचं मात्र लोक उगाच घाबरून सगळ्यांना 'पासवर्ड नव्याने ठरवा' असा ईमेल धाडतात. वाचनालयाच्या अर्ध्या सभासदांचा ईमेल बंद पडलेला असतो, आणि उरलेले थेट काउंटरवर येतात. गरज नसते. पासवर्ड साठवला जातो तो हॅश म्हणून, म्हणजे उलटं उलगडता न येणाऱ्या रूपात, आणि त्यात मिसळलेला यादृच्छिक तुकडा म्हणजे सॉल्ट. फ्लास्कसोबत येणाऱ्या वर्कझॉइग या लायब्ररीच्या जुन्या पद्धतीत हॅश असा दिसतो:

पीबीकेडीएफ२:एसएचए२५६:६०००००$सॉल्ट$हॅश

आणि जँगोत असा:

पीबीकेडीएफ२_एसएचए२५६$६०००००$सॉल्ट$हॅश

गणित दोन्हीकडे तेच. फरक एवढाच की वर्कझॉइग शेवटचा तुकडा हेक्समध्ये लिहितो आणि जँगो बेस-६४ मध्ये. म्हणजे स्क्रिप्टमध्ये डॉलरच्या खुणेवर तोडायचं, हेक्सचे बाइट करायचे, त्यांचं बेस-६४ करायचं, नव्या साच्यात जोडायचं. सभासद जुन्याच पासवर्डने आत येतो, आणि त्याच क्षणी जँगो त्याचा हॅश स्वतःच्या आजच्या मापाने, ५.२ मध्ये १० लाख फेऱ्यांनी, पुन्हा लिहून ठेवतो.

हॅशची सुरुवात 'एसक्रिप्ट:३२७६८:८:१' अशी असेल तर तो वर्कझॉइगच्या नव्या आवृत्तीचा आहे. जँगोतही एसक्रिप्टचा हॅशर आहे, तुकड्यांचा क्रम वेगळा: नाव, ३२७६८, सॉल्ट, ८, १, हॅश. हॅश इथेही हेक्समधून बेस-६४ मध्ये न्यायचा. पण नुसता क्रम बदलून भागत नाही. हे गणित करणाऱ्या ओपन-एसएसएल या लायब्ररीची मूळ मेमरी मर्यादा ३२ एमबी आहे, ३२७६८ च्या मापाला त्याहून किंचित जास्त लागते, आणि जँगोचा हॅशर ती मर्यादा वाढवत नाही. परिणामी लॉगिनच्या वेळी थेट एरर येते. त्या हॅशरचा उपवर्ग करून त्यात 'मॅक्समेम' ६४ एमबी करा आणि 'पासवर्ड_हॅशर्स'च्या यादीत मूळ एसक्रिप्टच्या जागी तो ठेवा. पहिल्या जागेवर मात्र पीबीकेडीएफ२ च राहू द्या.

चालू लॉगिन टिकवता येत नाहीत. फ्लास्क सेशन सही केलेल्या कुकीत ठेवतो, जँगो डेटाबेसमध्ये. सगळ्यांना एकदा पुन्हा लॉगिन करावं लागेल, एवढं आधी सांगून ठेवा.

पायरी ४: पत्ते

फ्लास्कमधला '@ॲप.रूट' फंक्शनच्या डोक्यावर बसतो, जँगोत सगळे पत्ते 'यूआरएल्स.पीवाय' मध्ये एकत्र येतात. पहिल्या पायरीची यादी समोर ठेवून एकेक उतरवा. शेवटच्या तिरक्या रेषेकडे लक्ष द्या. जँगोचे धडे सगळे पत्ते रेषेने संपवतात, पण तुमचा जुना पत्ता रेषेविना असेल तर नवाही रेषेविनाच लिहा. 'अपेंड_स्लॅश'वर विसंबून राहिलात तर साधी पानं वळसा घालून उघडतील, पण पोस्टने आलेला फॉर्मचा मजकूर त्या वळणावर सांडतो.

मराठी साइटसाठी पुढचं नीट वाचा. पुस्तकाच्या नावावरून पत्ता बनवायला जँगोत 'स्लगिफाय' आहे. तो मुळात देवनागरी अक्षरं काढूनच टाकतो आणि हाती रिकामा पत्ता येतो. मग कुणीतरी सांगतं, 'अलाउ_युनिकोड = ट्रू' द्या. दिलं की 'सांगली'चं 'सगल' होतं आणि 'मराठी'चं 'मरठ'. कारण पायथनच्या रेग्युलर एक्स्प्रेशनमधल्या 'शब्दातलं अक्षर' या खुणेत काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार, हलन्त यातलं काहीच बसत नाही. तेव्हा जुने मराठी स्लग (पत्त्यातले नावाचे तुकडे) नव्याने बनवायचे नाहीत. जुन्या डेटाबेसमधला स्लगचा रकाना अक्षरशः तसाच आणा. नव्या पुस्तकांसाठी स्वतःचं पाच ओळींचं फंक्शन लिहा: मोकळ्या जागांच्या जागी आडवी रेघ, विरामचिन्हं वजा, बाकी सगळं तसंच. आणि पत्त्यात 'स्लग' हा कन्व्हर्टर वापरू नका, त्यात फक्त रोमन अक्षरं, आकडे, आडवी रेघ आणि अंडरस्कोर बसतात. 'एसटीआर' वापरा. मॉडेलमधल्या स्लगफील्डलाही 'अलाउ_युनिकोड' देऊन पुरत नाही, तपासणीचा नियम तोच असल्याने ॲडमिनमध्ये 'सांगली' लिहिलं की तो नाकारतो. साधं कॅरफील्ड ठेवा आणि त्यावर 'युनिक' लावा.

पायरी ५: व्ह्यू आणि टेम्प्लेट

हा भाग लांब आहे, पण अवघड नाही. फ्लास्कमध्ये रिक्वेस्ट हवेतून मिळते, जँगोत ती प्रत्येक फंक्शनला पहिली येते. 'रिक्वेस्ट.आर्ग्ज'चं 'रिक्वेस्ट.गेट', 'रिक्वेस्ट.फॉर्म'चं 'रिक्वेस्ट.पोस्ट', 'रेंडर_टेम्प्लेट'चं 'रेंडर', 'अबॉर्ट'चं 'रेझ एचटीटीपी४०४', 'फ्लॅश'चं 'मेसेजेस', 'करंट_यूजर'चं 'रिक्वेस्ट.यूजर'. एका संध्याकाळी बोटांना सवय होते.

टेम्प्लेट (पानांचे साचे) जिंजा या फ्लास्कच्या टेम्प्लेट भाषेत आहेत आणि जँगो जिंजाही चालवू शकतो. ॲडमिनला स्वतःची टेम्प्लेट भाषा लागते, पण दोन्ही इंजिनं शेजारी नांदतात. टेम्प्लेट वीस-पंचवीसच असतील तर मी जँगोच्या भाषेत उतरवून मोकळा होईन, कारण पुढे मदत शोधताना सगळी उदाहरणं त्याच भाषेत मिळतात. बदलायचं काय? मेथडच्या पुढचे कंस जातात. 'लूप.इंडेक्स'चं 'फॉरलूप.काउंटर' होतं. 'यूआरएल_फॉर'च्या जागी 'यूआरएल' टॅग. फिल्टरचा पर्याय कंसाऐवजी अपूर्णविरामाने (:). मॅक्रोच्या जागी 'इन्क्लूड' आणि 'विथ'. 'इफ'मध्ये कंस चालत नाहीत, त्यामुळे लांबलचक अटी व्ह्यूमध्ये न्या. त्या तिथेच असायला हव्या होत्या. प्रत्येक पोस्ट फॉर्ममध्ये 'सीएसआरएफ_टोकन' (फॉर्म आपल्याच साइटवरून आल्याची खूण) टाका, नाहीतर बटण दाबताच ४०३ येईल.

जँगोचं टेम्प्लेट चुकीच्या नावावर ओरडत नाही, गप्प रिकामी जागा सोडतं. म्हणून पान उघडलं म्हणजे बरोबर आहे असं समजू नका. जुनं आणि नवं पान दोन खिडक्यांत शेजारी ठेवून बघा.

ॲडमिन आता लावा. प्रत्येक मॉडेलला मराठी 'व्हर्बोज_नेम' आणि 'व्हर्बोज_नेम_प्लुरल' द्या, नाहीतर पडद्यावर नावांपुढे इंग्रजी एस लागतो. पुस्तकांच्या यादीत नाव, लेखक, दाखल क्रमांक हे रकाने आणि शोधाची चौकट द्या. मग ग्रंथपालबाईंना लॅपटॉपपुढे बसवा आणि काही न सांगता एक पुस्तक चढवायला सांगा. लेखक निवडायला बाराशे नावांची लांब यादी खाली लोंबली की त्या हात वर करतील. तिथे 'ऑटोकंप्लीट_फील्ड्स' लावा.

पायरी ६: बदलाची रात्र

'मॅनेज.पीवाय चेक --डिप्लॉय' चालवा आणि ते जे बोलेल ते ऐका. 'डीबग' बंद केल्याबरोबर सगळी सजावट गायब होते, कारण तेव्हा जँगो सीएसएस आणि चित्रं स्वतः पुरवत नाही. 'कलेक्टस्टॅटिक' करून त्या फाइली पुरवणारं व्हाइटनॉइज लावा. पुस्तकांच्या मुखपृष्ठांचे फोटो जुन्या साइटवर स्टॅटिकच्या पोटात असतील तर तो पत्ता एन्जिनएक्समध्ये (बाहेरून येणारी मागणी आधी घेणाऱ्या वेब सर्व्हरमध्ये) जुन्या फोल्डरकडे वळवून द्या. 'अलाउड_होस्ट्स'मध्ये डोमेन लिहा. 'सीएसआरएफ_ट्रस्टेड_ओरिजिन्स'मध्ये ते 'एचटीटीपीएस'सकट लागतं.

डीएनएसला हात लावायचं कारण नाही. त्याच सर्व्हरवर साइटचा पायथन कोड चालवणारा जुना गुनिकॉर्न ८००० पोर्टवर चालू असतो, नवा ८००१ वर उभा करा. ॲक्सेस लॉगमधले सगळे पत्ते कर्ल वापरून ८००१ वर मागा आणि जुन्याने २०० दिलं तिथे नव्यानेही २०० दिलं का, ते ताडून बघा. ठरलेल्या वेळी जुन्या साइटवरचं लिहिणं बंद करा, डेटाची स्क्रिप्ट शेवटची चालवा, टेबलागणिक ओळींची संख्या जुळवा, एन्जिनएक्समधला ८००० चा ८००१ करा, 'एन्जिनएक्स -टी'ने तपासा आणि रीलोड करा.

परत फिरायचं तर तोच आकडा पुन्हा ८००० करायचा. पण नव्या साइटवर नोंदलेली देवघेव जुन्या डेटाबेसमध्ये नसते, त्यामुळे परतीची मुदत आधीच ठरवा. दुसऱ्या दिवशी वाचनालय उघडून पहिला तास होईपर्यंत, असं मी धरतो. त्यानंतर जे बिघडेल ते नव्यावरच दुरुस्त करायचं. पुढचा आठवडाभर रोज ४०४ चा लॉग बघा. वर्डप्रेसचं लॉगिन पान मागणारे बॉट सोडून द्या, ते सगळ्यांकडेच येतात. एखादा पत्ता रोज खऱ्या ब्राउझरमधून मागितला जात असेल, तर तो जुन्या यादीत शोधा आणि 'यूआरएल्स.पीवाय'मध्ये एक ओळ वाढवा.